विश्लेषण : साताऱ्याच्या घाटातला ‘हमिंगबर्ड’ खरे तर कोण? दोन शिंजिरांची पहिली नोंद करणाऱ्या कर्नल साइक्स यांची गोष्ट

महाबळेश्वरच्या एखाद्या बागेत किंवा सांगलीतल्या अंगणात जास्वंदीच्या फुलाशी एक इवलासा पक्षी फडफडतो. ऊन पडले की त्याच्या अंगावर निळी-जांभळी झळाळी उठते. कोणी तरी मोबाइलवर व्हिडीओ काढतो आणि ‘आमच्याकडे हमिंगबर्ड आला’ अशा ओळीसह तो गावभर फिरतो. दरवर्षी फुलांच्या हंगामात हे घडते. पक्षी खरा असतो, आनंदही खरा असतो, फक्त नाव चुकलेले असते. हा पक्षी म्हणजे शिंजीर, अर्थात सूर्यपक्षी. सातारा-सांगलीच्या घाटमाथ्यावर दिसणाऱ्या शिंजिरांपैकी दोघांची विज्ञानाला पहिली ओळख करून दिली ती विल्यम हेन्री साइक्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने, १८३२ मध्ये. त्यांच्यातल्या एकाची ओळख पुढे पुसली गेली. ती परत मिळायला दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली.

भारतात हमिंगबर्ड आहे का?

नाही. हमिंगबर्ड फक्त उत्तर व दक्षिण अमेरिका खंडांत आणि आसपासच्या बेटांवर आढळतात. त्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत. त्यातली एकही भारतात राहत नाही की हिवाळी पाहुणी म्हणून येत नाही. शिंजीर आफ्रिकेपासून भारत, आग्नेय आशिया ते ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेले आहेत. दोघेही मध पितात, दोघांची चोच लांब आणि बारीक, दोघांच्या पिसांवर धातूसारखी चमक. पण नाते विचाराल तर हमिंगबर्ड हा पाकोळ्यांचा चुलतभाऊ, आणि शिंजीर फुलटोच्यांच्या जवळचा. फुलातला मध काढायचा तर शरीर साधारण कसे हवे, याचे उत्तर निसर्गाने दोन खंडांत दोन वेगळ्या घराण्यांकडून जवळपास सारखेच काढून घेतले आहे.

फरक ओळखणे अवघड नाही. हमिंगबर्ड हवेत एका जागी स्थिर राहून मध पितो, मागेही उडू शकतो. शिंजीर क्षणभर हवेत तरंगतो खरा, पण शक्यतो फांदीवर किंवा देठावर बसूनच चोच खुपसतो. फूल खोल असेल तर तो पाकळीच्या बुडाशी भोक पाडून मध चोरतो. जास्वंदीच्या फुलांना खालच्या बाजूला बारीक छिद्रे दिसली, तर चोर बहुधा तोच.

कोण होते हे साइक्स?

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, ब्रॅडफर्डजवळ झाला. १८०३ मध्ये, म्हणजे तेराव्या वर्षी, ते कंपनीच्या लष्करात कॅडेट म्हणून दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या फौजेत अधिकारी झाले. आज ज्या वयात मुले आठवी-नववीत असतात, त्या वयात हा मुलगा बोटीने हिंदुस्थानात पोहोचला होता. १८०५ मध्ये लॉर्ड लेक यांनी भरतपूरच्या किल्ल्याला घातलेल्या वेढ्यात तो होता.

पुढच्या पाच वर्षांत साइक्स यांनी हिंदुस्थानी आणि मराठी शिकून दुभाषाच्या परीक्षा दिल्या. त्यांच्या आयुष्याला वळण देणारी गोष्ट कोणती, असे विचारले तर लढायांपेक्षा ही परीक्षा म्हणावी लागेल. गावच्या पाटलाशी, कुळकर्ण्याशी, पारध्याशी त्यांच्याच भाषेत बोलता येणारा अधिकारी त्या काळी दुर्मीळ होता.

१८१७ च्या नोव्हेंबरमध्ये खडकी आणि पुण्याच्या लढाया झाल्या. पेशवाई संपवणाऱ्या या युद्धात साइक्स कंपनीच्या बाजूने लढले, डोंगरी किल्ले ताब्यात घेण्याच्या मोहिमांतही होते. १८१८ मध्ये पेशव्यांचे राज्य गेले. साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे वेगळे राज्य मान्य झाले, सांगलीत पटवर्धनांचे संस्थान होतेच. आज ज्याला आपण सांगली जिल्हा म्हणतो तो फार पुढचा: १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून तो आखला गेला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. साइक्स यांच्या काळात या सगळ्या मुलखाला ते एकाच शब्दाने ओळखत, ‘दुखुन’, म्हणजे आपले दख्खन. मराठी माणूस तो शब्द जसा उच्चारतो त्याच्या जवळ जाणारे स्पेलिंग त्यांनी जाणीवपूर्वक वापरले आणि ते आयुष्यभर सोडले नाही.

माणसे मोजणारा पक्ष्यांकडे कसा वळला?

युद्धानंतर चार वर्षे साइक्स युरोपात होते. १८२४ मध्ये ते परतले तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना नव्या कामावर नेमले. काम होते सांख्यिकी वृत्तांतकाराचे. नव्याने हाती आलेल्या दख्खनची सगळी माहिती गोळा करायची: लोकसंख्या, घरे, जनावरे, पिके, धान्याचे भाव, मजुरी, जमिनीचे हक्क. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्यांच्या अहवालात येतात. मिरासदार कोण, उपरी कोण, पाटलाचे वतन म्हणजे काय, याची त्यांनी केलेली नोंद इतिहासाचे अभ्यासक आजही पाहतात.

यात भाबडेपणाने पाहण्यासारखे काही नाही. सरकारला सारा ठरवायचा होता, आणि सारा ठरवायचा तर जमिनीत काय पिकते आणि कोण राबतो हे कळायला हवे होते. पक्ष्यांची मोजदाद त्या करमोजणीच्या सोबतीने झाली. मात्र साइक्स जिथे तंबू ठोकत तिथे हवेचा दाब मोजत, मासे गोळा करत, रेशमाच्या रानकिड्याची माहिती काढत आणि पक्षी टिपत, हे सरकारी हुकमात बसणारे काम नव्हते. ती त्यांची स्वतःची हौस होती. हवेचा दाब दिवसातून दोनदा भरती-ओहोटीसारखा चढतो-उतरतो, याबद्दलचा दख्खनमधील नोंदींवर आधारलेला त्यांचा निबंध १८३५ मध्ये प्रसिद्ध झाला. भीमेच्या खोऱ्यातील माशांवरही त्यांनी लिहिले आणि त्यातले अनेक मासे विज्ञानाला नवे होते.

१८२९ च्या डिसेंबरमध्ये हे पद रद्द करण्यात आले. साइक्स यांनी काम सोडले नाही. जानेवारी १८३१ मध्ये ते पूर्ण करूनच ते इंग्लंडला निघाले. सोबत होते आकड्यांचे दप्तर आणि पेंढा भरलेल्या, वाळवलेल्या पक्ष्यांचा मोठा साठा.

१८३२ च्या यादीत काय होते?

लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कामकाजात १८३२ मध्ये साइक्स यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली गेली. पन्नासहून अधिक पक्षी त्यांनी नवे म्हणून मांडले. त्यातली काही नावे सातारा-सांगलीकरांच्या रोजच्या पाहण्यातली आहेत. कृष्णेच्या काठावर मान आखडून बसणारा आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र होणारा वंचक, म्हणजे भुरा बगळा, त्या यादीतला. उसाच्या बांधावर शेपटी उडवत टिवटिवणारा राखी वटवट्या त्यातलाच, आणि साधा वटवट्याही. महाबळेश्वरच्या झाडीत लपून घुमणारा, वाकड्या पिवळ्या चोचीचा रानसातभाईही साइक्स यांनीच वर्णिला.

नावे देताना त्यांनी मोठ्या साहेबांना विसरले नाही. माळावरच्या थोराड राखी सातभाईला त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचे नाव दिले. महाबळेश्वरची माल्कमपेठ ज्यांच्या नावाची, तेच हे माल्कम. म्हणजे गाव आणि पक्षी या दोघांनाही एकाच गव्हर्नरचे नाव काही वर्षांच्या अंतराने मिळाले. पण साइक्स यांची सगळीच नावे अशी दरबारी नव्हती. माण-खटाव, आटपाडी, जतच्या कोरड्या माळावर राहणाऱ्या तुरेवाल्या चंडोलाच्या नावात त्यांनी ‘देवा’ हा शब्द घातला, एका छोट्या वटवट्याला ‘रामा’ म्हटले, एका रातव्याला ‘महरट्टेन्सिस’, मराठ्यांच्या मुलखाचा. चांदोली-कोयनेच्या जंगलात आजही फिरणाऱ्या कोळसुनाला, रानकुत्र्याला, त्यांनी ‘दुखुनेन्सिस’ असे नाव सुचवले होते. तो चंडोल, तो वटवट्या आणि तो रातवा हे तिघेही इंग्रजीत आज साइक्स यांच्याच नावाने ओळखले जातात.

याच यादीत घाटातले दोन शिंजीर होते. एक अतिशय लहान, म्हणून ‘मिनिमा’. मराठीत त्याला किरमिजी पाठीचा शिंजीर म्हणता येईल. दुसरा लालभडक, त्याला साइक्स यांनी नाव दिले ‘विगोर्साय’.

हे विगोर्स कोण?

निकोलस विगोर्स हे मूळचे आयर्लंडचे. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या झूलॉजिकल सोसायटीचे ते पहिले सचिव. सह्याद्रीशी त्यांचा संबंध एवढाच की तिथून आलेला पक्षी त्यांच्या संस्थेत मांडला गेला. मात्र साइक्स यांच्या यादीवर विगोर्स यांची छाप आणखी एका प्रकारे आहे, आणि हमिंगबर्डच्या घोळाचा एक धागा तिथेच सापडतो.

त्या काळी इंग्लंडच्या प्राणिशास्त्रज्ञांत एका विचित्र सिद्धांताची चलती होती. निसर्गातला प्रत्येक गट पाचाच्या वर्तुळात विभागलेला असतो, असे त्याचे सांगणे. विगोर्स त्याचे कट्टर पुरस्कर्ते. पक्ष्यांचे पाच मोठे गट, त्या प्रत्येकात पुन्हा पाच, त्यात पुन्हा पाच. या पद्धतीत बारीक चोचीच्या पक्ष्यांच्या एकाच घोळक्यात हमिंगबर्ड आणि शिंजीर शेजारी शेजारी बसवलेले होते. साइक्स यांनी आपली यादी याच चौकटीत लावली. पाचाचे गणित काही दशकांत मोडीत निघाले, डार्विननंतर तर त्याला कोणी वाली उरला नाही. तेव्हा व्हिडीओवर ‘हमिंगबर्ड’ लिहिणाऱ्याला फार हसू नये. दोनशे वर्षांपूर्वी लंडनचे विद्वानही या दोघांना एकाच पंगतीत बसवत होते.

सिद्धांत गेला, वर्णने राहिली. साइक्स यांचा खरा गुण इथे दिसतो. कुठल्या कप्प्यात पक्षी ठेवायचा हे त्यांनी दुसऱ्याकडून घेतले, पण पक्षी कसा दिसतो, कुठे राहतो, हे स्वतः पाहून लिहिले.

रंगावरून कोणता शिंजीर कसा ओळखायचा?

सातारा-सांगलीत सर्वांत जास्त दिसतो तो जांभळा शिंजीर. कोरड्या पूर्वेकडच्या तालुक्यांत, सागरेश्वरच्या झुडपी रानात, शहरातल्या शेवग्यावर, सगळीकडे. विणीच्या हंगामात नर अंगभर निळा-जांभळा-काळा. सावलीत मात्र तो चक्क काळा दिसतो. याचे कारण त्याचा जांभळा हा रंगद्रव्याचा रंग नाही. पिसांतल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित होतो आणि कोन बदलला की रंग बदलतो. साबणाच्या फुग्यावर दिसते तसेच काहीसे. पोटाचा पिवळा किंवा छातीचा लाल रंग मात्र खाण्यातून मिळणाऱ्या रंगद्रव्यांचा असतो, तो सावलीतही तसाच राहतो. म्हणून ओळख पटवताना आधी पिवळा-लाल कुठे आहे ते पाहावे, चमकेवर नंतर विश्वास ठेवावा.

जांभळ्या शिंजिराचा नर वीण संपली की आपला झगझगीत पोशाख उतरवतो. पावसाळ्यानंतर काही महिने तो मादीसारखा मळकट पिवळा होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळपट पट्टा उरतो. हा वेगळाच पक्षी आहे, असे भल्याभल्यांना वाटते.

दुसरा नेहमीचा म्हणजे पंचरंगी शिंजीर. डोक्यावर हिरवी चमक, गळा आणि कंबर जांभळी, पाठ तपकिरी-तांबडी, छातीवर तसाच पट्टा आणि खाली पिवळे पोट. हा वर्षभर याच रंगात असतो. मादीचा गळा राखाडी-पांढरा आणि छाती पिवळी. कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, काडीकचरा गुंफून केलेले तिचे लोंबते घरटे अनेकदा थेट व्हरांड्यातल्या वायरवर सापडते. काळपट अंगाचा, पण चोच नजरेत भरण्याइतकी लांब आणि वाकडी असेल तर तो लोटेनचा शिंजीर.

आता साइक्स यांचे दोघे. हे अंगणातले नव्हेत, घाटातले. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तिथून सरळ रेषेत दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या जत-आटपाडीत पाचशे-सहाशे. या दोन टोकांच्या मध्ये शिंजीरही बदलत जातात. कास, बामणोली, कोयना, आणि सांगलीच्या बाजूने शिराळा ओलांडून चांदोलीकडे गेले की घाटातले दोघे भेटू लागतात.

किरमिजी पाठीचा शिंजीर पहिल्या नजरेत पंचरंगीच वाटतो. फसगत इथेच होते. हा त्याहून लहान आहे, लांबी दहा सेंटिमीटरही भरत नाही. पाठीचा रंग तपकिरीकडे न झुकता गडद किरमिजी, छातीवरचा पट्टाही तसाच. पण पक्की खूण मादीकडे आहे. शिंजिरांच्या माद्या साधारण एकसारख्या मळकट असतात आणि त्यांच्यावरून जात ठरवणे त्रासाचे काम. या जातीच्या मादीच्या कमरेवर मात्र लाल डाग असतो. आपल्याकडच्या दुसऱ्या कोणत्याही मादी शिंजिराला तो नाही. नर पाहून संशय आला तर आसपास मादी शोधावी.

विगोर्सचा शिंजीर दिसायला थोराड, शेपटी लांबट. नराचे डोके-मान-पाठ-छाती लाल, पोट राखाडी, उडताना कमरेवर पिवळा ठिपका चमकतो. आणि लाल छातीवर बारीक पिवळ्या रेघा. दुर्बिणीतून नीट पाहिल्याखेरीज त्या दिसत नाहीत. सगळा वाद पुढे या रेघांवरच झाला.

पिवळ्या रेघांचे काय झाले?

साइक्स यांनी १८३२ मध्ये या पक्ष्याला स्वतंत्र जात म्हटले. त्याच्या दहा वर्षे आधी, १८२२ मध्ये, सिंगापूर वसवणारे स्टॅमफर्ड रॅफल्स यांनी सुमात्रातून आणखी एका लाल शिंजिराचे वर्णन केले होते. तो पक्षी हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारत ते इंडोनेशियापर्यंत पसरलेला आहे. विसाव्या शतकात पक्षी-वर्गीकरणाचा कल जाती कमी करण्याकडे झुकला. दिसायला जवळचे असलेले पक्षी एका जातीखाली आणून बाकीच्यांना उपजात ठरवण्याची लाट आली. त्यात सह्याद्रीचा लाल शिंजीर रॅफल्स यांच्या पक्ष्याची पश्चिमेकडची उपजात झाला. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्या सुप्रसिद्ध ग्रंथमालेतही तो उपजात म्हणूनच आहे.

उपजात ठरल्याने काय बिघडते? कागदावर बरेच बिघडते. संवर्धनाची गणना जातीनुसार होते. सुमात्रापर्यंत पसरलेल्या पक्ष्याची कोणी काळजी करत नाही. तोच पक्षी फक्त पश्चिम घाटाच्या उत्तर भागात, गुजरातच्या डांगपासून गोवा आणि उत्तर कर्नाटकापर्यंत राहतो असे म्हटले की त्याच्या प्रत्येक जंगलाला किंमत येते. हा पक्षी जगात दुसरीकडे कुठेही नाही.

२००५ मध्ये पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांचा दक्षिण आशियातील पक्ष्यांवरचा दोन खंडांचा ग्रंथ आला. संग्रहालयांतले जुने नमुने पुन्हा तपासणे आणि ध्वनिमुद्रित आवाजांचे आलेख मांडणे, ही त्याची दोन वैशिष्ट्ये. त्यात विगोर्सचा शिंजीर पुन्हा स्वतंत्र जात म्हणून उभा राहिला आणि आता जागतिक याद्यांतही तसाच नोंदला जातो. छातीवरच्या रेघा, मधल्या मोठ्या भूभागात दोघांपैकी कोणीच नसणे, हे सारे साइक्स यांच्या बाजूचे निघाले. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा दर्जा दिला, त्यात कास, कोयना आणि चांदोली आहेत. साइक्स यांचे दोन्ही शिंजीर या भागात राहतात.

साइक्स पुढे काय झाले?

इंग्लंडला गेलेले साइक्स हिंदुस्थानात नोकरीला परतले नाहीत. १८३३ मध्ये कर्नल म्हणून निवृत्त झाले. १८३४ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत ते होते आणि १८६३ पासून दोन वर्षे तिचे अध्यक्ष. १८४० मध्ये ते कंपनीच्या संचालक मंडळावर गेले, १८५६ मध्ये अध्यक्ष झाले. म्हणजे उठावाच्या आदल्या वर्षी कंपनीची सर्वोच्च खुर्ची दख्खनचे पक्षी मोजलेल्या माणसाकडे होती. १८५७ पासून ते स्कॉटलंडमधील ॲबरडीनचे खासदार. संसदेत चीनविषयीच्या ब्रिटिश धोरणावर त्यांनी सतत टीका केली, ती सरकारला फारशी रुचली नाही.

पक्ष्यांचे नमुने त्यांनी कंपनीच्या लंडनमधील संग्रहालयाला दिले. तिथले अधिकारी टॉमस हॉर्सफिल्ड यांचे नाव साइक्स यांनी त्या वाकड्या चोचीच्या रानसातभाईला आधीच देऊन टाकले होते.

१६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये साइक्स यांचे निधन झाले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८७७ मध्ये, एडिसन यांचा फोनोग्राफ आला. १८८९ मध्ये लुडविग कोख या जर्मन मुलाने पिंजऱ्यातल्या एका शामा पक्ष्याचे गाणे मेणाच्या नळीवर उतरवले. ध्वनिमुद्रित झालेले ते पहिले पक्षीगीत मानले जाते, आणि शामा हा आपल्याकडच्या जंगलातलाच पक्षी. साइक्स यांच्या पिढीला हे शक्य नव्हते. कातडे लंडनला नेता येत होते, रंग बऱ्यापैकी टिकत होता. आवाज फक्त घाटात राहिला.

आवाजावरून ओळख पटते का?

पटते, पण थोडा सराव हवा. शिंजिरांचे आवाज बारीक आणि उंच पट्टीचे असतात. गजबजलेल्या रस्त्यावर ते कानावर येत नाहीत, वयस्कर माणसांना तर अनेकदा ऐकूच येत नाहीत. जांभळ्या शिंजिराचा नर उंच तारेवर किंवा शेंड्यावर बसून ‘चीविट-चीविट-चीविट’ असा वेगवान सपाटा लावतो, गाण्याच्या भरात पंखाखालचे पिवळे-लाल झुपके बाहेर काढतो. पंचरंगीचा स्वर त्याहून पातळ, ‘सिसिस्वी, सिसिस्वी’ असा घसरत जाणारा. किरमिजी पाठीचा शिंजीर बहुतेक वेळा एवढीशी ‘चिक’ करतो आणि पानाआड होतो. विगोर्सचा आवाज या सगळ्यांपेक्षा धारदार, धातूवर टिचकी मारावी तसा, आणि तो दाट झाडीतूनही पुढे येतो.

मोबाइलवर आवाज ओळखणारी मर्लिनसारखी मोफत ॲप उपलब्ध आहेत. त्यांची मदत जरूर घ्यावी, पण ‘चिक’ एवढ्याच आवाजावर दिलेले उत्तर अंतिम मानू नये. पंचरंगी आणि किरमिजी पाठीचा यांत ॲपचीही गल्लत होऊ शकते. अशा वेळी कमरेचा रंग, मादीवरचा लाल डाग आणि आपण नेमके कुठे उभे आहोत या तीन गोष्टी जास्त खात्रीच्या. विणीच्या दिवसांत मोबाइलवर त्याच पक्ष्याचा आवाज मोठ्याने वाजवून नराला जवळ बोलावण्याचा प्रकार मात्र टाळावा. तो घरटे सोडून न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला शोधत राहतो.

घाटात सोपी वेळ म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल. तेव्हा कोयना, बामणोली आणि चांदोलीच्या उतारांवर धायटी लाल फुलांनी भरते, पांगारा आणि काटेसावरही फुललेली असते. सकाळी साडेसात-आठच्या सुमारास, ऊन फुलांवर आल्यावर, धायटीच्या एकाच झुडपासमोर अर्धा तास उभे राहिले तरी दोन-तीन जातींचे शिंजीर येऊन जाऊ शकतात. लाल फुलांतून लाल पक्षी उठला, तर दुर्बीण थेट छातीवर धरावी. रेघा पिवळ्या असतात, बारीक असतात, आणि पक्षी फार वेळ थांबत नाही.